पाचूबंदरची पायलट

माझ्या पार्लरच्या पाटीवर एक बाई आहे. तिच्या रंगाची जिवंत बाई मी आजवर पाहिलेली नाही. पाटी रंगवणाऱ्याने ती आपल्या मनाने काढली, आणि विरारच्या मनवेलपाड्यात मी दुकान थाटलं तेव्हापासून ती तिथे हसत उभी आहे. तिच्या खाली मी, चांगली काळीसावळी. नवी गिऱ्हाइकं एकदा वर बघतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि काळजीने विचारतात, मॅडम, तुम्ही स्वतःला काही लावत नाही का? मी म्हणते, लावते ना, लिपस्टिक. बसा.

तर अशी मी, आणि मला वेड परदेशी अंतराळ मालिकेचं. नवऱ्याला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. आता मुलगी बारावीला आली तरी ते गेलेलं नाही.

खूळ लागलं ते एका लग्नामुळे. वसईजवळच्या पापडीला, वाडीतल्या एका घरी नवरी सजवायला गेले होते. नवरीचे काका शाळेतून निवृत्त झालेले सर. घरात मांडवाची एवढी गडबड, आणि हे आपले हॉलमध्ये टीव्हीसमोर. मी नवरीच्या पापणीला ब्रश टेकवला होता आणि आरशात मागचा टीव्ही दिसत होता. यानाचा कप्तान, काळाभोर उंच माणूस, कॉफी पीत कुणाला तरी झापत होता. मी सहज म्हणाले, अहो, त्याचा कप आत्ता ह्या हातात होता, त्या हातात कधी गेला? सरांनी टीव्ही थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही रविवारी मोकळ्या असता का?"

तेव्हापासून रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सर घरी आले की मी स्कूटर काढून पापडीला. आमचं टोळकं लहानच. सर, सरांच्या मिसेस, ज्यांना आम्ही सगळेच आंटी म्हणतो, सरांचाच एक जुना विद्यार्थी जो आता सॉफ्टवेअर इंजिनिअर होऊन विरारला राहतो, मी, आणि सगळ्यात शेवटी आलेली, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली पोरगी. आंटी फुगे करतात. आंबवलेल्या मैद्याचे, तळले की टम्म होणारे, वसईच्या घरांत लग्नाला, सणाला करतात तसे. आंटी दर रविवारी करतात, कारण त्यांच्या मते यान उडतंय म्हणजे सणच.

ह्या फुग्यांवरून आमच्याकडे एक रीत पडली. ताटातला शेवटचा फुगा कुणी खायचा नाही. आंटी त्याच्यावर वाटी पालथी घालतात. मालिकेत जो चूक धरील, म्हणजे कप हात बदलतो, सावली उलटी पडते, मेलेला माणूस मागे उभा दिसतो, त्याला तो मिळतो. न्यायाधीश आंटीच, आणि त्यांच्याकडे वशिला चालत नाही. इंजिनिअर तर गोष्ट काय चाललीय ते बघतच नाही, नुसत्या चुका शोधत बसतो. सर म्हणतात, ह्याची पेपर तपासायची सवय माझ्याहून वाईट.

पोरगी कशी आली तेही सांगते. तिची आई पापडीच्या बाजारात मासळी विकते, आंटींना कोळंबी तिच्याकडूनच लागते. एका रविवारी आईने पोरीच्या हाती कोळंबीची पाटी पाठवली. पोरगी दारात आली आणि तिथेच थांबली. टीव्हीवर यानाची पायलट, काळी बाई, केस बारीक वळलेले, दगडांच्या माऱ्यातून यान बाहेर काढत होती. भाग संपेपर्यंत ही पाटी कमरेवर घेऊन उभी. आंटी म्हणाल्या, अगं बस तरी. तर म्हणाली, बसली तर कोळंबीचं पानी सांडेल. पुढच्या रविवारी ती कोळंबीशिवाय आली.

तिला त्या पायलटचं एवढं काय, ते मला पुढे कळलं. पार्लरमध्ये भुवया करताना बायका डोळे मिटून असतात, त्यामुळे खरं बोलतात. तिच्या बापाची बोट आहे. लहानपणी ती त्या बोटीवरच खेळली, जाळ्याच्या ढिगावर झोपली. पण बोट बंदरातून सुटली की ही काठावर. बाईने मासळी विकायची, पुरुषाने आणायची, आणि सुकाणूला बाईचा हात लागायचा नाही, हा त्या घरातला नियम. का म्हणून विचारलं की बाप म्हणायचा, असंच असतं. पोरगी ग्रॅज्युएट झाली, कामणच्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करायला लागली, घरात मिळवून आणायला लागली, तरी बोटीच्या बाबतीत काठावरच. "एकदा मला सुकान धरलेलं कुनी बघितलं पायजे," ती डोळे मिटून म्हणाली. मी म्हटलं, हलू नको, भुवई जाईल. पण मला ते लागलं होतं.

आमच्या टोळक्यात भांडणं भरपूर व्हायची, आणि ती नेहमी रंगावर येऊन थांबायची. त्या मालिकेत एक निळी जमात आहे. ती खाणीत राबते आणि तिला यानावर चढायची बंदी आहे. इंजिनिअरचं म्हणणं, निळे म्हणजे तिकडचे काळेच, उघड बोलायची छाती नाही म्हणून रंग बदलला. सर म्हणायचे, मग कप्तान काळा कसा? इंजिनिअर म्हणायचा, धंदा आहे सर, काळे लोकही पैसे भरूनच बघतात, त्यांना एक खुर्ची द्यायलाच लागते. सर म्हणायचे, धंद्यासाठी का होईना, दिली ना? मग अर्धा तास तेच. मी मध्ये पडून आपल्याकडच्या मालिकांवर यायचे. काळी म्हणून बिचारी असलेली नायिका. ती मुळात गोरी मुलगी असते, तिला रोज सकाळी बसवून तोंडाला काळं फासतात. मला ते केसांच्या रेषेजवळ लगेच दिसतं, तिथे मेकअपचा बेस नीट पसरत नाही. आणि गोष्टीत तिचं लग्न जमलं, सासूला ती आवडायला लागली, की ती महिन्यागणिक उजळत जाते. आपल्याकडे खऱ्या काळ्या मुलीला काळ्या मुलीचं कामसुद्धा मिळत नाही, हे मी एवढ्या जोरात म्हणाले होते की शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकला.

पोरगी ह्या भांडणांत फार बोलायची नाही. एकदाच बोलली. तिने ती मालिका आधी हिंदीत पाहिली होती. हिंदीत यानावरच्या गोऱ्या डॉक्टरला मधाळ आवाज दिला होता आणि पायलटला नळावर भांडणाऱ्या बाईचा. सरांकडे मूळ आवाजात पाहिल्यावर तिला कळलं की ती पायलट मुळात हळू, समजुतीने बोलते. कुणीतरी खोलीत बसून ठरवलं ना, की अशी दिसते म्हणजे अशीच बोलनार, असं ती म्हणाली. त्यावर इंजिनिअरलासुद्धा धंद्याचं गणित सुचलं नाही.

सर मात्र कधीकधी घसरायचे. समतेवर भाषण देता देता आपल्या घाऱ्या डोळ्यांवर यायचे, वसईत कुठून कुठून जहाजं आली, आमच्या घराण्यात कसा सगळ्या जगाचा अंश आहे, वगैरे. एकदा आंटी फुग्यांची कढई सोडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या आईने माझी बाही वर सरकवून बघितली होती. ऊन लागून काळी आहे का मुळातच काळी, ते बघायला." सर म्हणाले, चहा मिळेल का. आंटी म्हणाल्या, मिळेल, पण काळा.

नाताळात सरांच्या डोक्यातून गणवेश निघाला. मालिकेतल्यासारखा, जांभळट कापड, खांद्यावर चंदेरी पट्टा. पापडीतला जो शिंपी पोरींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे शिवतो, त्याला चित्र दाखवलं. त्याने मान डोलावली आणि सवयीने पोरीच्या आणि माझ्या गणवेशाला मागून बो लावून दिला. तो आम्ही उसवला. प्रत्येकाची जागा ठरली. सर अर्थात कप्तान, इंजिनिअर यंत्रांवर, मी संपर्क अधिकारी, कारण माझं तोंड बंद राहत नाही. पोरगी पायलट, ह्यावर चर्चाच झाली नाही. सरांच्या हॉलमध्ये वेताची एक खुर्ची टीव्हीच्या सगळ्यात जवळ आहे, ती तिची झाली.

मग एक दिवस तिने फोनवर एक मेसेज पाठवला. तिच्या गोदामाशेजारच्या शेडमध्ये सेट लागला होता, हिंदीत नवी अंतराळ मालिका येणार होती, शूटिंगसाठी माणसं हवी होती. मेसेजमध्ये लिहिलं होतं, स्पेसवाले लोग चाहिए, सुबह रिपोर्टिंग. आता कोणताही शहाणा माणूस ह्यातून एवढंच समजेल की गर्दीला माणसं पाहिजेत. आम्ही समजलो की ज्यांना अंतराळातलं कळतं असे लोक पाहिजेत. सर तर म्हणाले, शेवटी ह्या लोकांना जाणकारांची गरज पटली. आणि आम्ही गणवेश चढवून निघालो. फक्त इंजिनिअरने आयत्या वेळी लाज वाटून जीन्स घातली.

सरांच्या जुन्या गाडीतून आम्ही चौघं. पेट्रोल पंपावर एका माणसाने काच ठोठावली आणि लग्नाच्या बँडचा भाव विचारला. सरांनी त्याला शांतपणे सांगितलं की आम्ही वाजवत नाही. तो म्हणाला, मग नाचता का? पोरगी मागे एवढी हसली की चंदेरी पट्ट्याचा टाका तुटला. मी पट्टा पिनने बसवला. तिने आईला, चुलतीला, अख्ख्या कोळीवाड्याला सांगून ठेवलं होतं की मी टीव्हीवर जहाज चालवताना दिसणार. बापालाही. बाप काही बोलला नव्हता.

शेडच्या दाराशी रांग होती. हातात वॉकीटॉकी घेतलेला एक पोरगेला माणूस रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एक नजर टाकायचा आणि हात दाखवायचा. "फेयर वाले शिप पे. बाकी सब प्लॅनेट पे." त्याच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता, भाजीवाला कांदे-बटाटे वेगळे करतो तसं चाललं होतं. प्लॅनेट म्हणजे शेडचा मागचा कोपरा, तिथे माणसांना फाटकी पोती घालून तोंडाला कोळशाची पूड लावत होते. आमचा इंजिनिअर पक्का सावळा. त्याला एका सेकंदात प्लॅनेटवर पाठवलं. जाताना त्याने आमच्याकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत धंद्याचं गणित कुठेच नव्हतं.

आमचा नंबर आला. सर घारे, गोरे, त्यांचं ठीक. पण मी आणि पोरगी तर प्लॅनेटच्याच. त्या माणसाने आमचे गणवेश पाहिले आणि गोंधळला. त्याला वाटलं आम्हाला कपडेवाल्यांनी तयार करून पाठवलंय. आमच्या शिंप्याचं काम त्यांच्या कपड्यांपेक्षा सरस होतं, हे मी आजही म्हणेन. त्याने आम्हाला सरळ यानाच्या मुख्य कक्षात पाठवलं. खुर्च्या, दिवे, बटणं, मधोमध मोठी काच. आम्ही काय केलं असेल? सवयीने आपापल्या जागी जाऊन बसलो. सर मधल्या खुर्चीत, मी बाजूला कानाला हात लावून, पोरगी सगळ्यात पुढे. तिच्या समोर एक जाडजूड दांडा होता, यान वळवायचा. तिने त्यावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

पायलटचं काम करणारी नटी चिंचोटीच्या बाजूला ट्रकांच्या मागे अडकली होती. दिग्दर्शक वैतागला होता, म्हणाला, बसलीय ती मुलगी बसू दे, तेवढे शॉट घेऊ. कॅमेरा पोरीच्या तोंडावर आला. मग दिग्दर्शकाने छोट्या पडद्यात बघून हाक दिली, "पायलट का फेस डार्क जा रहा है. दो शेड ऊपर करो." मेकअपवाला नायिकेच्या व्हॅनमध्ये होता. आणि मला काय बुद्धी झाली, मी हात वर करून म्हणाले, माझं पार्लर आहे.

हे मी का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या कुणी तिच्या तोंडाला हात लावला असता तर मला सहन झालं नसतं. मला मेकअपचा डबा दिला. मी पोरीला पडद्याआड एका खोक्यावर बसवलं आणि डबा उघडलाच नाही. मला भयंकर राग आला होता. मी म्हटलं, चल उठ, सरांना घेऊ, त्या बिचाऱ्याला कोळशातून काढू आणि घरी जाऊ, आंटींनी फुगे केले असतील. असल्या लोकांसाठी तोंड रंगवायचं नाही.

ती खोक्यावरून हलली नाही. मग म्हणाली, "मी उठली तर ती खुर्ची रिकामी नाय राहनार, ताई."

मी डबा उघडला. दोन शेड वर म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. रोज करते, नवऱ्या मुलांच्या आया पाठीशी उभ्या राहून सांगतात, अजून थोडं. कपाळ, गाल, नाक, मान, सगळं मी अंगठ्याने पसरवलं, तिचा रंग हळूहळू माझ्या बोटांखाली जात राहिला आणि मला रडू यायला लागलं. ते मी दाबलं, कारण बेसवर पाणी पडलं की डाग पडतात. शेवटी मी तिचा हात घेतला. आमच्या धंद्यात तोंड करून हात तसेच सोडणं म्हणजे नवशिकेपणाचं लक्षण, त्यावरून पार्लरवाल्या एकमेकींची टर उडवतात. तिने हात मागे घेतला.

"तोंडाला लावलं ते लावलं. हाताला नको लावूस," ती म्हणाली.

मी लावलं नाही.

शॉट झाला. पोरीने समोर बघून दांडा ओढला, यान म्हणजे अख्खं लाकडी फळकूट खालून चार माणसांनी हलवलं, सर खुर्चीतून घसरता घसरता राहिले. मग कॅमेरामन म्हणाला, दांड्याचा जवळून एक घेऊ. त्यात नुसता हात आणि दांडा. सगळ्यांचं लक्ष चहाच्या गाडीकडे होतं. तेवढ्यात नटी आली. गोरीपान, नम्र मुलगी होती, पोरीला थँक्यू म्हणाली आणि तिच्या खुर्चीत बसली. तोंडाचे सगळे शॉट तिच्यावर पुन्हा घेतले. पोरीला मागे दाराजवळ उभं केलं, तिथे दिवा नव्हता.

आम्ही परत निघालो. इंजिनिअरच्या कानात कोळसा होता. पोरगी जांभळ्या बाहीने तोंड पुसत होती, आणि बाही पांढरट होत होती. कामणच्या उतारावर ती एकदाच म्हणाली, आईला आता काय सांगू. सरांनी गाडी हळू केली. मला त्या दिवशी आमच्या सगळ्या रविवारच्या भांडणांचा कंटाळा आला. एवढं बोलून आम्ही एका खुर्चीची राखण करू शकलो नव्हतो.

मालिका लागायला पुढे बरेच महिने गेले. इंजिनिअरने तोवर धंदा हा शब्द वापरणं सोडलं होतं. ज्या संध्याकाळी तो भाग होता, त्या दिवशी पोरगी येणार नव्हती. तिने घरी सांगून टाकलं होतं की माझं काम कापलं. पण तिची आई ऐकेना. तिचं म्हणणं, बाकीचं तरी बघू, कोन कोन गेलेलं ते. तिने पोरीला ओढतच आणलं. आंटींनी फुगे केले, शेवटच्यावर वाटी घातली. आई वेताच्या खुर्चीवर बसायला निघाली तेव्हा पोरगी म्हणाली, तिकडे नको, आणि स्वतःही तिथे बसली नाही.

मालिका वाईट होती. निर्विवाद वाईट. सर दोन सेकंद दिसले, मी एकदा, अर्धी. प्लॅनेटवर शेकडो कोळसे उभे होते, त्यातला एक आमचा, आणि तो आम्हाला ओळखता आला नाही. मग मुख्य कक्ष आला. पायलटच्या खुर्चीत ती गोरी नटी. पोरगी उठली, पाणी पिऊन येते म्हणाली आणि आत गेली. पडद्यावर नटीने दात आवळले, समोर बघितलं. मग कॅमेरा खाली आला. दांड्यावर एक हात होता, आणि तो हात ओढत होता.

पोरीची आई पुढे वाकली. तिला मालिकेतलं काही कळत नव्हतं, यान आहे का कारखाना हेही तिने मला दोनदा विचारलं होतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्यो हात माजे पोरीचा हाय."

इंजिनिअरने रिमोट एवढ्या घाईत उचलला की बशी पडली. मागे नेलं. तोंड, गोरं, दुधासारखं. हात, काळा, रुंद, अंगठ्याच्या मुळाशी कोळंबी सोलताना झालेली जुनी खूण. पुन्हा तोंड. पुन्हा हात. एका बाईची दोन अंगं, आणि अख्ख्या त्या शेडमध्ये, पुढे कापाकापी करणाऱ्यांत, कुणालाच ते दिसलं नव्हतं. आमच्या एवढ्या वर्षांच्या रविवारांत ह्याहून मोठी चूक कुणी धरली नव्हती. सर उभेच राहिले. मी मोठमोठ्याने हसत होते आणि माझे डोळे वाहत होते, आणि ह्या वेळी मी रडू दाबलं नाही, कारण समोर कुणाच्या तोंडाला बेस नव्हता.

आंटींनी वाटी उचलली आणि फुगा आईच्या पुढे धरला. तिला रीत माहीत नव्हती. ती म्हणाली, माझा खाऊन झालाय. आंटी म्हणाल्या, हा तुमचाच आहे, नियम आहे. पोरगी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि पडद्याकडे बघत होती, जिथे इंजिनिअरने तिचा हात थांबवून ठेवला होता. आईने फुगा मोडला, अर्धा तिला दिला आणि टीव्हीकडे बोट दाखवून आम्हाला विचारलं, "मंग बोट कोन चालवते? ती गोरी का माजी पोर?"

"तुमची पोर," सर म्हणाले.

आईने तो तुकडा फोनवर घेऊन मागितला. इंजिनिअरने कापून दिला, नुसता हाताचा. दुसऱ्या दिवशी ती बंदरावर नवऱ्याकडे गेली. तो जाळं सांधत बसला होता. हे मला पोरीने नंतर पार्लरमध्ये सांगितलं, डोळे मिटून. बापाने फोन हातात घेतला, एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. पोरगी मागे उभी होती. तिला वाटलं आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. बापाने फोन आईकडे परत दिला आणि सुई जाळ्यात घातली. मग मान वर न करता म्हणाला, "सुकान असं नाय धरत. मनगट मोडंल. रविवारी ये, दावतो."

त्या रविवारी आम्ही सगळे जमलो, ती सोडून. इंजिनिअर उशिरा आला आणि सवयीने पुढे जाऊन वेताच्या खुर्चीत बसायला लागला. आंटींनी हातातल्या झाऱ्यानेच त्याला मागे सारलं. ती पायलटची जागा आहे, म्हणाल्या, ती कामावर गेलीय. मग आम्ही ती खुर्ची तशीच रिकामी ठेवून भाग बघितला.